घोडेवाल्याला मुख्य मंच कशाला?

जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात अमेरिकेतल्या नेवाडा राज्यात, एल्को गावच्या कन्व्हेन्शन सेंटरबाहेर रांगेत उभा होतो. उणे बारा तापमान, रुबी डोंगरावरून येणारा वारा, पुढच्या माणसाच्या टोपीच्या रुंद काठावर साठलेला बर्फाचा भुगा. आत काऊबॉय-कवितांचा मेळा होता, घोड्यांवर आयुष्य काढलेल्या माणसांच्या कविता ऐकायच्या होत्या, म्हणून दार उघडायच्या तासभर आधी आलो होतो. वेळ जाईना म्हणून फोन काढला आणि घरच्या ग्रुपवरचं ते वाक्य वाचलं.

विषय असा. आमच्या तालुक्याच्या गावी साहित्य संमेलन भरतंय. बाजारपेठेमागे राहणाऱ्या एका म्हाताऱ्या घोडेवाल्यानं कविसंमेलनासाठी आपलं नाव दिलं. वरातीला घोडी पुरवणं आणि सारंगखेड्याच्या यात्रेत घोडे घेणं-विकणं, यात त्याचा जन्म गेला. गाणी तो स्वतःच रचतो. समितीनं त्याला कळवलं, कविसंमेलनात जागा नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणानंतर लोककलेचं सत्र आहे, त्यात दहा मिनिटं मिळतील. माझा आतेभाऊ त्या समितीत आहे. तो माझ्याहून मोठा, त्याला आम्ही अण्णा म्हणतो. तीस वर्षं त्यानं कॉलेजात मराठी शिकवलं. त्यानं ग्रुपवर लिहिलं होतं, "यमक जुळवलं की कविता होत नाही. घोडेवाल्याला मुख्य मंच कशाला? त्याचा मान आम्ही ठेवतोच आहोत, त्याच्या जागी."

त्याच्या जागी. हे शब्द महिनाभर माझ्या डोक्यातून गेलेले नाहीत.

त्या दिवशी आत गेलो तेव्हा मुख्य मंचावर एक बाई होती. सत्तरीची असावी. गुडघ्यात वाकलेली, पण पाठ ताठ. जन्मभर गुरं राखली, असं तिनं पहिल्याच वाक्यात सांगितलं आणि कागद न घेता पंधरा मिनिटं कविता म्हटली. सगळी यमकांत. भरलेलं सभागृह गप्प होतं. लोकांनी विमानानं येऊन, हॉटेलं बुक करून, पैसे मोजून तिकिटं काढली होती. तिला कुणी 'लोककला' म्हटलं नव्हतं. कार्यक्रमपत्रिकेत तिच्या नावापुढे एकच शब्द होता: कवी.

हा मेळा १९८५ च्या जानेवारीत सुरू झाला. जानेवारीच का, तर गायी व्यायला लागायच्या आधी रँचवरच्या माणसाला तेवढीच उसंत. लोकसाहित्याचे अभ्यासक हॅल कॅनन आणि त्यांचे सोबती पश्चिमेकडच्या राज्यांतून कविता म्हणणारी माणसं शोधत फिरले, आणि इथल्याच रँचवर वाढलेले वॉडी मिचेल त्यांच्याबरोबर उभे राहिले. मिचेल हा सोळाव्या वर्षी शाळा सोडून कामाच्या घोड्यावर बसलेला माणूस. पुढे टीव्हीवरच्या जॉनी कार्सनच्या कार्यक्रमात जाऊन त्यानं साऱ्या देशाला आपल्या कविता ऐकवल्या. २००० साली अमेरिकन सेनेटनं ठराव करून या मेळ्याला 'राष्ट्रीय' हे बिरुद दिलं. वीस हजार वस्तीच्या, एका बाजूला सोन्याच्या खाणी आणि दुसऱ्या बाजूला नुसती सेजब्रशची खुरटी झुडपं असलेल्या गावातला हा मेळा. अण्णा, तुमच्या संमेलनाला नगरपालिकेचं सभागृह मिळतं का याची वाट बघत तुम्ही बसता, आणि वर घोडेवाला कुठे बसवायचा यावर वाद घालता!

"तू तिकडे बसून आम्हाला शिकवू नकोस," अण्णाचं उत्तर आलंच. हे उत्तर परदेशातल्या प्रत्येकाला कधी ना कधी मिळतं. मला एकोणीस वर्षांत कितीदा मिळालं याची मोजदाद नाही. मी नागपूरला इंजिनिअरिंग केलं, मग सॉल्ट लेकला मास्टर्स, मग इथे खाणीत लागलो. पहाटे साडेचारच्या बसनं जातो, बारा तासांची शिफ्ट करतो. घरी मराठी बोलायला बायको आहे. मुलांना मराठी समजतं, पण उत्तर इंग्रजीत येतं. मी शिकवत नाही. मी जे बघतो ते सांगतो, आणि ते सांगायचा हक्क मी गाव सोडताना रेल्वे स्टेशनवर ठेवून आलेलो नाही.

आता यमकाचं. अण्णाचा सगळा भर त्यावरच आहे की चांगली मराठी कविता मर्ढेकरांनंतर यमकाच्या पुढे गेली, आणि जो अजून यमकात अडकलाय तो मागे राहिला. वर्गात हे ठीक आहे. पण यमक मुळात कुणाची गरज होती, हे त्यानं कधी विचारात घेतलंय का?

माझ्या घरापासून मैलभरावर एक म्हातारा राहतो. एकोणऐंशी वर्षांचा. वयाच्या चौथ्या वर्षी त्याला घोड्यावर बसवलं ते पुढची सदुसष्ट वर्षं तो उतरलाच नाही. कोवळी शिंगरं शिकवून रँचवाल्यांना द्यायची, हा त्याचा धंदा. इथल्या बकारूंच्या रीतीनं तो काम करायचा: लांबच लांब दोर, आधी लोखंडाच्या लगामाविना नुसत्या मोहरकीवर शिंगरू तयार करायचं, घाई म्हणून करायची नाही. 'बकारू' हा शब्दसुद्धा 'वाकेरो'वरून आलेला आहे, मेक्सिकोकडून कॅलिफोर्नियात आलेल्या घोडेस्वारांचा. त्याच्या उजव्या हाताला अंगठ्याचं वरचं पेर नाही. फासात अडकलेल्या बैलाचा दोर खोगिराच्या पुढच्या खुंट्याला वेढताना अंगठा मध्ये सापडला. एकाहत्तराव्या वर्षी एक घोडी घसरून त्याच्या अंगावर पडली, खुब्याचं हाड गेलं आणि डॉक्टरांनी घोडा बंद केला.

त्यानंतर तो कवितेकडे वळला. बायकोची जुनी गिटार घरात होती, तीही शिकला. जन्मभर इतरांच्या कविता पाठ होत्याच. आता स्वतःच्या यायला लागल्या.

एकदा मी त्याला स्वयंपाकघरात बसून विचारलं, की तुम्ही लोक यमक सोडत का नाही? त्यानं कॉफीचा मग खाली ठेवला. म्हणाला, "घोड्यावर बसल्यावर एका हातात लगाम असतो, दुसऱ्यात दोर. सकाळी सुचलेली ओळ संध्याकाळी चुलीपाशी येईपर्यंत ठेवायची कुठे?"

मला त्या क्षणी माझ्या आजीचं जातं दिसलं. एका हातानं खुंटा, दुसऱ्या हातानं दाणे वैरणं. हात दोन्ही अडकलेले. ओवी लक्षात राहायची ती यमकावर आणि जात्याच्या फेऱ्यावर. ज्यांचे हात कामात गुंतलेले असतात त्यांची वही म्हणजे यमक. टेबलाशी बसणाऱ्याला कागद मिळाला म्हणून त्याला यमक सोडता आलं, त्यात कमीपणा काहीच नाही. पण ज्याला कागद मिळालाच नाही त्याला मागासलेला म्हणू नये, एवढंच माझं म्हणणं आहे. गी पॉइटेविन आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. लाख ओव्या बायकांनी कुठे ठेवल्या होत्या? यमकात.

त्या म्हाताऱ्याची एक कविता सांगतो. तो दवाखान्यात होता ते चार महिने त्याची घोडी रोज संध्याकाळी फाटकाशी येऊन उभी राहायची, असं शेजारी सांगत. कवितेत ती वाट पाहायची, असं कुठेही म्हटलेलं नाही. डोळ्यांत पाणी नाही, विरह नाही. कवितेत फक्त फाटकाची वरची फळी आहे. तो घरी येतो तेव्हा ती फळी कुरतडून कुरतडून अर्धी झालेली असते. कुंपणाची बाकीची लाकडं त्यानं दुरुस्त केली, असं तो यादी करत सांगतो: कोपऱ्यातला खांब, बिजागरी, तार. शेवटच्या ओळीत कळतं की ती फळी मात्र त्यानं बदललेली नाही. म्हणताना त्याचा तो अंगठा तुटलेला हात मांडीवर ठेका धरतो, चालत्या घोड्याचा चार टापांचा ठेका. टापा कधी मंद होतात, कधी दुडकी धरतात. फळीपाशी आल्यावर हात थांबतो.

अण्णा, ही कविता तू कुठल्या सत्रात टाकशील?

अण्णाला असंही वाटतं की ही माणसं गोड असतात, पण कच्ची असतात. त्याच्यासाठी बक रॅमझी. टेक्ससच्या उत्तर टोकाला, पॅनहँडलमध्ये, कनेडियन नदीकाठच्या रँचवर काम करणारा काऊबॉय. साठच्या दशकाच्या सुरुवातीला घोड्यानं त्याला फेकलं आणि तो पुढचं सगळं आयुष्य व्हीलचेअरवर राहिला. अ‍ॅमरिलोत बसून तो वाचत राहिला, गिटारवर जुनी गुराख्यांची गाणी म्हणत राहिला, आणि मग त्यानं गवताळ माळावरच्या एका पोराच्या पहिल्या हंगामावर दीर्घकाव्य लिहिलं. त्यासाठी छंद कुठला घेतला? रशियन कवी पुश्किननं आपल्या पद्य-कादंबरीसाठी घडवलेला चौदा ओळींचा बंध. मॉस्को-पीटर्सबर्गच्या दिवाणखान्यांसाठी घडलेला छंद टेक्ससच्या घोड्यावर बसवला, आणि घोडा कुठेही अडखळला नाही. १९९५ साली त्याला राष्ट्रीय वारसा सन्मान मिळाला, १९९८ मध्ये तो गेला. त्या काव्याचं सुरुवातीचं कवन आजही लोक तोंडपाठ म्हणतात. घोडे शिकवण्यात हयात घालवलेल्या टेक्ससच्याच जोएल नेल्सन यांना २००९ मध्ये तोच सन्मान मिळाला. त्यांच्याही आधी, १९९० साली, मोंटानाच्या वॉली मॅक्रे यांना. मॅक्रे हे पिढीजात रँचवाले. त्यांची सगळ्यांत गाजलेली कविता पुनर्जन्मावर आहे, आणि आयुष्यभर ते आपल्या खोऱ्यातल्या उघड्या कोळसा खाणींविरुद्ध बोलत आणि लिहीत राहिले. मी स्वतः खाणीवर पोट भरणारा माणूस. त्यांच्या त्या कविता ऐकताना मला खुर्चीत बसणं जड जातं, तरी ऐकतो.

आणि ब्रूस किस्कॅडन. हा माणूस मला सगळ्यांत जवळचा. १८७८ चा जन्म. तरुणपणी कोलोरॅडो-ॲरिझोनाकडे गुरांच्या मागे घोडा दामटला. मग काम गेलं, वय झालं, आणि लॉस एंजेलिसच्या हॉटेलात तो पाहुण्यांच्या बॅगा उचलणारा पोऱ्या झाला. ती वर्दी घालून, दोन बॅगांच्या मधल्या वेळात त्यानं घोड्यांच्या आणि माळांच्या कविता लिहिल्या. लॉस एंजेलिसच्या गुरांच्या बाजाराच्या कॅलेंडरवर दर महिन्याला त्याची एक कविता छापून यायची, सोबत कॅथरीन फील्डचं चित्र. पश्चिमेकडच्या रँचरँचवर ती कॅलेंडरं भिंतीला टांगलेली असत आणि महिना संपला तरी पान फाडत नसत. आपल्याकडे कालनिर्णयचं मागचं पान जपून ठेवणाऱ्या बायका मी पाहिल्यात, त्यामुळे मला हे लगेच कळलं. १९५० मध्ये तो गेला. पस्तीस वर्षांनी एल्कोचा पहिला मेळा भरला तेव्हा कितीतरी जणांच्या तोंडी त्याच्याच कविता होत्या. गाव सुटलेला, दुसऱ्याच्या शहरात नोकरी करणारा, आणि सुटलेल्या गोष्टीवरच लिहिणारा माणूस. शिफ्ट संपवून बसमध्ये बसलो की मला तो आठवतो.

तसा इथेही हेटाळणी करणाऱ्यांचा तुटवडा नाही. २०११ साली नेवाडाचेच सेनेटर हॅरी रीड यांनी सेनेटमध्ये कलांच्या अनुदानाची बाजू मांडताना या मेळ्याचं उदाहरण दिलं, आणि देशभर थट्टा झाली: काऊबॉयच्या कवितेला सरकारी पैसा! शहरातली शहाणी माणसं इथूनतिथून सारखीच. फरक एवढा, की इथल्या घोडेवाल्यांनी दुपारचं सत्र स्वीकारलं नाही. त्यांनी स्वतःचा मंच बांधला.

अण्णानं यावर जो प्रश्न विचारला तो सोपा नव्हता. "ज्यांची जमीन घेऊन हे रँच झाले त्यांची गाणी कुठल्या मंचावर आहेत?" एल्कोत शोशोनी या मूळ रहिवासी लोकांची वसाहत आहे, माझ्या रोजच्या रस्त्यावर. प्रश्न खरा आहे. जुन्या गुराख्यांत काळे किती होते, मेक्सिकन किती होते, आणि सिनेमात फक्त गोरे कसे उरले, हेही खरं आहे. पण एकाच्या अंगणात केर आहे म्हणून आपलं अंगण झाडायचं नाही, हे मला पटत नाही. मी विचारत होतो आपल्या घोडेवाल्याबद्दल, आणि उत्तर मिळालं अमेरिकेच्या पापांबद्दल.

आणि आपल्याकडे काय कमी आहे? सावता माळ्यानं मळ्यातला वाफा कवितेत आणला, गोरोबांनी चाक आणि माती आणली, सेना न्हाव्यानं आरसा आणला. आपली सगळी मोठी कविता धंदेवाल्यांची. होनाजी गवळी होता. नारायण सुर्वे गिरणीत राबले, शाळेत शिपाई होते, आणि १९९५ मध्ये परभणीला संमेलनाच्या अध्यक्षपदी बसले. त्यांची कविता अण्णानं तीस वर्षं शिकवली. २०२४ च्या ऑक्टोबरात मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा आमच्या ग्रुपवर पेढ्यांचे फोटो आले, मलाही आनंदानं भरून आलं. त्या दर्जासाठी पुरावा म्हणून कुठला ग्रंथ पुढे केला गेला? गाथासप्तशती. हालानं गोळा केलेल्या त्या गाथांत कोण आहे? नांगरणारा शेतकरी आहे, गुराखी आहे, पाणी भरणारी बाई आहे, वाटसरू आहे. दोन हजार वर्षांपूर्वीच्या गुराख्याच्या जोरावर आपण दिल्लीकडून मोठेपणा घेतला, आणि आजच्या घोडेवाल्याला जेवणानंतर दहा मिनिटं! २०२५ च्या दिल्लीच्या संमेलनाला अध्यक्ष म्हणून ताराबाई भवाळकरांना निवडलं, ज्यांनी हयात लोकसाहित्यात घालवली. त्याचा मला केवढा अभिमान वाटला होता. मग तालुक्याला आल्यावर ही वाट अरुंद का होते?

आषाढात माउलींच्या रिंगणात अश्व धावतो. तो अश्व अंकलीहून, शितोळे सरकारांकडून येतो. धावून झाल्यावर त्याच्या टापांखालची माती लोक कपाळाला लावतात. मीही लहानपणी लावली आहे. घोड्याच्या पायाची माती कपाळाला, आणि घोडा सांभाळणाऱ्याचे शब्द मंचाच्या खाली? हे मी जेव्हा लिहिलं तेव्हा ग्रुपवर दोन दिवस कुणी बोललं नाही.

मग अण्णानं बहिणाबाई काढल्या. म्हणाला, "प्रतिभा असली की मंच आपोआप मिळतो. बहिणाबाईंना कुणी अडवलं?"

मी लगेच लिहिलं, की बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. शेतात, चुलीपाशी, जात्यावर त्या जे म्हणत ते घरातल्या मुलांनी उतरवून ठेवलं. सोपानदेवांनी ती वही अत्र्यांना दाखवली, आणि १९५२ मध्ये, त्या गेल्यावर पुढच्याच वर्षी, पुस्तक आलं. घरात एक मुलगा ऐकणारा निघाला, म्हणून बहिणाबाई उरल्या. जळगावच्या भोवतीच अशा किती बायका असतील ज्यांच्या घरात कुणी ऐकलं नाही?

अण्णाचं उत्तर एका ओळीचं होतं. "आबांचा टांगा होता. आबा गायचे. तू किती उतरवून ठेवलंस?"

आमचे आबा, म्हणजे माझे आजोबा आणि अण्णाच्या आईचे वडील. दोंडाईचा स्टेशनवर त्यांचा टांगा होता. मी पुण्या-मुंबईच्या मित्रांना कायम 'आमची शेती होती' एवढंच सांगत आलो. शेती होती, तीन एकर. पण घर चाललं टांग्यावर. आबा पहाटे उठून घोडीला खरारा करायचे, तोबऱ्यात भिजवलेले हरभरे घालायचे, मग स्वतः चहा घ्यायचे. सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत ते दरवर्षी जायचे, घेण्यासारखे पैसे नसले तरी. देवमन कुठे आहे, कुठला भोवरा वाईट, पंचकल्याणी कशाला म्हणायचं, रेवाल चाल खरी कुठली आणि मारून शिकवलेली कुठली, हे मला दहाव्या वर्षी कळत होतं. आणि टांगा चालवताना ते अहिराणीत गायचे. स्वतःचं. घोडीला उद्देशून.

१९८९ ची दिवाळी. मी धुळ्याला अकरावीत होतो, हॉस्टेलवर. दोन मित्र माझ्याबरोबर सुट्टीत आले, एक डॉक्टरचा मुलगा, एक वकिलाचा. आबा स्टेशनवर टांगा घेऊन उभे. आम्ही बसलो, टांगा निघाला, आणि बाजाराच्या रस्त्याला लागताच आबांनी गाणं सुरू केलं. मी पुढे वाकून म्हणालो, "आबा, गप बसा ना." मित्रांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं नाही, पण आबांना नीट ऐकू गेलं. ते गप बसले. घरापर्यंत एक शब्द बोलले नाहीत. मला आठवतं ते एवढंच की घोडीचे दोन्ही कान सारखे मागे वळत होते. पुन्हा पुन्हा. तेव्हा मला वाटलं माश्या बसताहेत.

माझ्या इथल्या म्हाताऱ्यानं मला सांगितलं, घोड्याचा कान वळतो तिकडे त्याचं लक्ष असतं. ती आवाजाची वाट बघत होती.

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नव्हतं, बायकोलाही नाही. एल्कोत मी वर्षानुवर्षं तिकीट काढून, रांगेत उभा राहून दुसऱ्यांच्या आजोबांच्या कविता ऐकत आलो. इथल्या लोकांना वाटतं, हा भारतीय इंजिनिअर किती रसिक आहे. फेब्रुवारीतल्या एका संध्याकाळी त्याच स्वयंपाकघरात बसलो होतो. खिळ्याला घोड्याच्या केसांची वळलेली दोरी टांगलेली होती, बाहेर बर्फ पडत होता. म्हाताऱ्यानं विचारलं, "तुझ्या घरी घोडे होते असं तू एकदा म्हणाला होतास. तुमच्यात काय म्हणतात?" मला दोनच ओळी आठवल्या. त्या मी म्हटल्या:

चाल मन्ही रानी, करू नको घाई,
गाडी बी लेट शे, घाई कोनले नई.

अर्थ सांगायच्या आधीच त्याचा हात मांडीवर पडायला लागला होता. मी ओळी पुन्हा म्हटल्या, त्यानं ठेका बरोबर पकडला. "ही चालती घोडी आहे," तो म्हणाला, "गाडीला जुंपलेली, एकटी. जोडी नाही." बरोबर होतं, एकच घोडी असायची. मग मी अर्थ सांगितला, की घोडीला म्हणतोय, राणी सावकाश चल, आगगाडीलाही उशीर आहे, कुणालाच घाई नाही. तो खूप वेळ हसला, मग विचारलं, "पुढे?"

पुढचं मला येत नव्हतं.

घरी येऊन आत्याला फोन लावला. संध्याकाळचे सात, म्हणजे तिकडे सकाळचे साडेआठ. आत्या ब्याऐंशीची आहे, अण्णाकडेच असते. तिची पूजा आटोपलेली होती. म्हटलं, "आत्या, आबांचं टांग्यावरचं गाणं आठवतं का तुला? चाल मन्ही रानी?" पलीकडे थोडा वेळ काहीच नाही. मला वाटलं फोन कटला. मग तिनं म्हटलं, गळा न काढता, नुसतं सांगितल्यासारखं, पण ठेक्यात:

नाल तुन्ही वाजस, घर मन्हं जागं व्हस.

तीस-पस्तीस वर्षांनी ती ओळ कानावर आली आणि दोंडाईच्याच्या घराचं दार उघडल्यासारखं झालं. रात्रीची शेवटची गाडी घेऊन आबा परतायचे तेव्हा गल्लीच्या तोंडाशी नाल वाजायची आणि आजी उठून चूल पेटवायची. मी मेळ्याची कार्यक्रमपत्रिका पालथी करून तिच्या मागे तिन्ही ओळी लिहिल्या. हात थरथरत होता.

"आणि चौथी, आत्या?"

"चौथी एक नव्हती रे भाऊ. टांग्यात कोण बसलंय ते बघून आबा चौथी रोज नवी जोडायचे. नवरी असली तर तिच्या माहेरावरून. शिपाई असला तर त्याच्या साहेबावरून. म्हातारी असली तर तिच्या लेकावरून, जो न्यायला आलेला नसायचा."

त्या दिवाळीला टांग्यात मी होतो आणि माझे दोन मित्र होते. तीन पोरांवर आबांनी चौथी ओळ जोडलेली असणार, गाणं तिथवर पोचायच्या आत मी थांबवलं. हे मी आत्याला सांगितलं. ती काही बोलली नाही.

मागे कपबशीचा आवाज येत होता, अण्णा चहा घेत असावा. "आई, कुणाचा फोन?" त्यानं विचारलं. आत्यानं त्याला उत्तर दिलं नाही. फोन कानाला तसाच धरून ती पहिल्या ओळीपासून पुन्हा म्हणायला लागली, या वेळी थोडी मोठ्यानं. कपबशीचा आवाज थांबला.